नऊ एकांचा वर्ग: १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येची आतली रचना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. हा निव्वळ योगायोग आहे की त्यामागे काही गणित आहे? दहा एक घेतले तर ही रांग का मोडते? आणि या सतरा अंकी संख्येचे आणखी कोणते गुणधर्म सांगता येतील?

योगायोग अजिबात नाही, आणि ते पाहायला कॅल्क्युलेटर लागत नाही. शाळेत शिकलेला उभा गुणाकार पुरतो. आधी १११ × १११ करा. १११, त्याखाली एक घर डावीकडे सरकवून १११, त्याखाली आणखी एक घर सरकवून १११. आता उभी बेरीज घ्या. एकंच्या घरात एक १, दहंच्या घरात दोन, शतंच्या घरात तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. उत्तर १२३२१. नऊ एकांच्या गुणाकारात अशाच नऊ ओळी पायरीपायरीने सरकतात. प्रत्येक घरात किती एक जमतात ते मोजलं की उजवीकडून १, २, ३ असं चढत मधल्या घरात ९ पर्यंत जाता येतं आणि तिथून तसंच उतरता येतं. या सतरा घरांपैकी कुठल्याही घराची बेरीज ९ च्या पुढे जात नाही, म्हणून एकदाही हातचा घ्यावा लागत नाही. घरातली बेरीज जशीच्या तशी अंक म्हणून खाली उतरते. या संख्येची बरीचशी मौज या एका गोष्टीत आहे: हातचा नाही.

हेच बीजगणितात मांडू, म्हणजे पुढे बरंच काही फुकट मिळेल. १ + क्ष + क्षवर्ग अशी क्षच्या आठव्या घातापर्यंत जाणारी नऊ पदांची बहुपदी घ्या आणि तिचा वर्ग करा. त्या वर्गाचे सहगुणक १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २, १ असे येतात. क्षच्या जागी १० घातले की आपली संख्या मिळते. पण क्षच्या जागी १० च घातले पाहिजेत असं कुणी सांगितलं? १ घाला. कंसाची किंमत ९, वर्ग ८१. म्हणजे अंकांची बेरीज ८१, आणि ती वर्गमूळाच्या अंकांच्या बेरजेचा, म्हणजे ९ चा, बरोबर वर्ग आहे. क्षच्या जागी उणे १ घाला. कंसात १ उरतो, वर्गही १. म्हणून अंक आलटूनपालटून अधिक-उणे केले की १ येतो आणि संख्येला ११ ने भागल्यावर बाकी १ उरते. ७ ने भागल्यावरही बाकी १ च उरते, पण त्याचं कारण वेगळं आहे: ११११११ ला ७ ने पूर्ण भाग जातो, म्हणून नऊ एकांची बाकी तीच जी १११ ची, म्हणजे ६, आणि ६ चा वर्ग ३६ हा ७ ने भागला की १ उरतो.

आता दहा एक. घरांच्या बेरजा १ पासून १० पर्यंत चढतात आणि परत उतरतात. उजवीकडून सुरू केलं की पहिली नऊ घरं सुरळीत जातात. दहाव्या घरात १० येतात: शून्य लिहिला, हातचा १. पुढच्या घरात ९ आणि हातचा मिळून पुन्हा १०: शून्य लिहिला, हातचा १. त्यापुढच्या घरात ८ आणि १ मिळून ९, आणि तिथे हातचा संपतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. अंकांची बेरीज १०० यायला हवी होती, ती ८२ आली, कारण प्रत्येक हातच्याने बेरजेतून ९ कमी होतात आणि इथे हातचे दोनदा घेतले. डाव्या बाजूला ७ नंतर एकदम ९ आला आहे, तो ८ वर हातचा चढल्यामुळे.

१ भागिले ८१ करून पाहिलं असेल तर ही आठाची अनुपस्थिती ओळखीची वाटेल. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… अशी नऊ अंकांची आवर्ती रांग येते आणि तिच्यात ८ नाही. कारण तेच. १ भागिले ९ म्हणजे ०.१११…, त्याचा वर्ग १ भागिले ८१. एकांची संख्या वाढवत नेली की त्यांच्या वर्गाचे डावीकडचे अंक या दशांशाकडे सरकत जातात. अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१ आहे. त्याच्या सुरुवातीला ही रांग स्पष्ट दिसते. नऊ एकांचा वर्ग म्हणजे हातच्यांनी शिरकाव करण्याआधीचा शेवटचा टप्पा.

शेवटचा, पण तो दशमान पद्धतीतला. पायाच बदलला तर? पाच या पायावर संख्या लिहिल्या, म्हणजे ० ते ४ एवढेच अंक वापरले, तर ११११ चा वर्ग १२३४३२१ येतो. पडताळा घ्यायचा तर ती ११११ म्हणजे आपल्या भाषेत १५६, वर्ग २४३३६, आणि त्या पायावरची १२३४३२१ उलगडली की २४३३६ च येते. तिथे चार एक ही शेवटची पायरी, आपल्याकडे नऊ. म्हणजे हा डोंगरासारखा चढउतार त्या संख्येइतकाच आपण वापरतो त्या दहाच्या पायाचाही गुणधर्म आहे. मुलांना संख्या-सिद्धांत शिकवताना मी हा भेद फार आग्रहाने करून देतो: कुठला गुणधर्म संख्येचा स्वतःचा आणि कुठला तिच्या लिखाणाचा. अवयव, विभाजक, दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येणं हे पहिल्या प्रकारातलं; संख्या द्विमानात लिहिली काय किंवा रोमन अंकांत लिहिली काय, ते बदलत नाही. अंकांची बेरीज, उलटसुलट सारखी वाचली जाणं हे दुसऱ्या प्रकारातलं. या संख्येत हे दोन प्रकार एकमेकांत इतके गुंतले आहेत की दोन्ही एकत्र दाखवायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

अवयवांकडे वळू. नऊ एक म्हणजे तीन-तीन एकांचे तीन गट, म्हणून १११११११११ = १११ × १००१००१. दोन्ही बाजूंचा वर्ग करा:

१२३४५६७८९८७६५४३२१ = १२३२१ × १००२००३००२००१

मोठा डोंगर दोन छोट्या डोंगरांचा गुणाकार आहे आणि दुसऱ्यात फक्त अंतरं वाढली आहेत. १११ = ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तिलाही ३ ने भाग जातो आणि ३३३६६७ उरतात. मिळून १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा.

३७ ने भाग जातो हे तोंडी तपासायचं असेल तर उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून बेरीज घ्या: १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७, म्हणजे ९९९ ची तिप्पट. ९९९ = २७ × ३७, म्हणून एकाच फटक्यात २७ आणि ३७ दोन्हींचा भाग सिद्ध झाला. ८१ ने भाग जाण्याबाबत मात्र एक सावधगिरी. अंकांची बेरीज ८१ आहे म्हणून ८१ ने भाग जातो, असं विद्यार्थी बेधडक लिहितात. ३ आणि ९ ची कसोटी २७ किंवा ८१ ला लागू होत नाही. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण २७ ने भागल्यावर बाकी ९ उरते. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो तो वर्गमूळाला ९ ने भाग जातो म्हणून. १११११११११ भागिले ९ म्हणजे १२३४५६७९, तीच आठ नसलेली संख्या. तिला १८ ने गुणलं तर नऊ दोन, २७ ने गुणलं तर नऊ तीन, आणि ८१ ने गुणलं तर ९९९९९९९९९. त्यावरून हे समीकरण निघतं:

१२३४५६७८९८७६५४३२१ = १२३४५६७९ × ९९९९९९९९९

नऊ नवांनी गुणणं म्हणजे नऊ शून्यं देऊन मूळ संख्या वजा करणं. १२३४५६७९००००००००० मधून १२३४५६७९ वजा करून पाहा. चढती बाजू आणि उतरती बाजू दोन्ही डोळ्यांसमोर उमटतात, आणि सगळा वर्ग एका वजाबाकीत सिद्ध होतो. या संख्येबद्दल एकच ओळ लक्षात ठेवायची तर मी ही निवडेन.

आता खरा प्रश्न: ३३३६६७ मूळ संख्या आहे हे कशावरून? तिचं वर्गमूळ ५७७ च्या थोडं पुढे आहे. सरळ मार्ग म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या, म्हणजे १०६, मूळ संख्यांनी भागून पाहणं. पण ही संख्या कुठून आली हे आपल्याला माहीत आहे, आणि त्या माहितीचा उपयोग केला तर काम पाच भागाकारांवर येतं. ही सिद्धता मला फार आवडते, म्हणून पूर्ण देतो.

समजा प या मूळ संख्येने ३३३६६७ ला भाग जातो. मग १००१००१ ला, आणि म्हणून ९९९९९९९९९ ला पने भाग जातो. अर्थात १० च्या नवव्या घाताला पने भागल्यावर बाकी १ उरते. बाकी १ देणारा प्रत्येक घात अशा सर्वांत लहान घाताच्या पटीत असतो, म्हणून तो सर्वांत लहान घात १, ३ किंवा ९. मग नवव्याच्या आधीच, १० च्या तिसऱ्या घाताला, बाकी १ उरत असेल का? तसं असतं तर १००१००१, म्हणजे दहाचा सहावा घात अधिक तिसरा घात अधिक १, यांची बाकी १ + १ + १ = ३ आली असती. ती शून्य आहे, म्हणजे प = ३ असायला हवा. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ आहे, तिला ३ ने भाग जात नाही. तेव्हा बाकी १ देणारा सर्वांत लहान घात नऊच. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार १० च्या (प − १) व्या घातालाही बाकी १ उरते, म्हणून प − १ ला ९ ने भाग जातो. प विषम आहे, म्हणून १८ ने भाग जातो. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या सतराच आहेत: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७.

अजून चाळता येतं. १० च्या नवव्या घाताची बाकी १ असल्यामुळे १० ची बाकी आणि १० च्या दहाव्या घाताची बाकी एकच. पण दहावा घात म्हणजे पाचव्या घाताचा वर्ग! याचा अर्थ, पने भागण्याच्या हिशेबात १० ही एका वर्गाची बाकी आहे. ऑयलरने ओळखलेल्या आणि गाउसने सिद्ध केलेल्या वर्ग-व्युत्क्रम नियमावरून अशा मूळ संख्यांना ४० ने भागल्यावर बाकी १, ३, ९, १३, २७, ३१, ३७ किंवा ३९ एवढीच येऊ शकते. सतरापैकी या कसोटीला सातच उतरतात: ३७, १६३, १९९, २७१, ३०७, ३९७, ५२३. यातल्या ३७ ला तिसऱ्या घातालाच बाकी १ मिळते (९९९ = २७ × ३७), म्हणून ती बाद. २७१ ला पाचव्या घाताला मिळते (९९९९९ = ९ × ४१ × २७१), म्हणून तीही बाद. उरल्या पाच. ३३३६६७ ला १६३ ने भागल्यावर बाकी ६, १९९ ने १४३, ३०७ ने २६५, ३९७ ने १८७ आणि ५२३ ने ५१६. कुठेही शून्य नाही. संख्या मूळ आहे.

अवयव हाती आल्यावर आणखी एक सुंदर गोष्ट दिसते. आपल्या संख्येचे मूळ अवयव तीन: ३, ३७ आणि ३३३६६७. यांचे व्यस्त दशांशात मांडा. १ भागिले ३ = ०.३३३…, आवर्त एका अंकाचं. १ भागिले ३७ = ०.०२७०२७…, आवर्त तीन अंकांचं. १ भागिले ३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७…, आवर्त नऊ अंकांचं. आणि या तीनही आवर्तनलांबींचा तेवढा एकेकच मूळ अवयव जगात आहे. आवर्त नऊ अंकांचं असलेली दुसरी मूळ संख्या सापडूच शकत नाही. कारण अशा संख्येने ९९९९९९९९९ ला भाग जायला हवा, आणि ९९९९९९९९९ = ८१ × ३७ × ३३३६६७. त्यात दुसरं कुणी नाहीच. तीन अंकांसाठी ९९९ = २७ × ३७, एका अंकासाठी ९ = ३ × ३; तिथेही तेच. अशा एकट्या मूळ संख्या विरळ असतात. आपल्या संख्येचे सगळे अवयव त्याच जातीचे निघावेत हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी त्या दिवशीचं बाकीचं काम बाजूला ठेवलं होतं. (वरच्या तीन-तीन अंकांच्या बेरजेतही २९९७ आले होते. दोन्हीकडे ते ८१ × ३७ आहेत.)

विभाजकांची संख्या पटकन मोजता येते: ३ चे घात शून्य ते चार असे पाच पर्याय, ३७ चे तीन, ३३३६६७ चे तीन, एकूण ४५. पूर्ण वर्गाचे विभाजक नेहमी विषम संख्येने असतात, तसे हे आहेत.

दोन वर्गांच्या बेरजेचं पाहू. ४ ने भागल्यावर बाकी ३ देणाऱ्या मूळ संख्या या कामी उपयोगाच्या नसतात; ३ आणि ३३३६६७ दोन्ही तशाच आहेत. उपयोगी पडते ती ३७, कारण १२ चा वर्ग अधिक ३५ चा वर्ग म्हणजे ३७ चा वर्ग. १११११११११ भागिले ३७ म्हणजे ३००३००३. तिने १२ आणि ३५ ला गुणा: ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५. या दोन बाजू असलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण बरोबर १११११११११ आहे. म्हणजे ३६०३६०३६ चा वर्ग अधिक १०५१०५१०५ चा वर्ग = १२३४५६७८९८७६५४३२१. क्रम सोडला तर दोन शून्येतर वर्गांत मांडण्याची ही एकमेव रीत आहे. कर्णात नऊ एक, बाजूंत ०३६ आणि १०५ ची आवर्तनं. हे विद्यार्थ्यांना फळ्यावर करून दाखवावं असं उदाहरण आहे.

आता महाराष्ट्राशी असलेलं नातं. एक, १२१, १२३२१ या मालिकेचं नाव जगभरच्या संख्या-सिद्धांतात ‘डेम्लो संख्या’ असं आहे आणि ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी दिलं. १९०५ साली डहाणूत जन्मलेले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवणारे कापरेकर ६१७४ या स्थिरांकामुळे बहुतेकांना ठाऊक असतात. डेम्लो हे तेव्हाच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरचं, मुंबईपासून तीसेक मैलांवरचं स्टेशन, म्हणजे आजचं डोंबिवली. या संख्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली. डेम्लो संख्येत ते तीन भाग पाहत: डावा आणि उजवा भाग मिळवला की मधल्या अंकाचीच पुनरावृत्ती यावी. १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३ आणि मध्ये ३. आपल्या संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९ आणि मध्ये ९. मधला ९ उजव्या भागात धरला तरी १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९ येतात, आणि त्यावरून संख्येला नऊ नवांनी भाग जातो हे वरचंच तथ्य पुन्हा मिळतं.

कापरेकरांनी अभ्यासलेल्या संख्यांच्या इतर प्रकारांतही ही संख्या तपासून पाहणं रास्त आहे. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. आपली संख्या हर्षद आहे: ८१ ने भागल्यावर १५२४१५७८९९७१०४१ येतात, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. कापरेकर संख्या म्हणजे जिच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की तीच संख्या परत येते, जसं ७०३ चा वर्ग ४९४२०९ आणि ४९४ + २०९ = ७०३. आपल्या संख्येला ८१ ने गुणलं की ९९९९९९९९८०००००००१ येतात, म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग; आणि ९९९९९९९९८ + १ = ९९९९९९९९९, म्हणजे ते वर्गमूळ कापरेकर संख्या आहे.

स्वयंभू संख्यांचा शोध थोडा जास्त कष्टाचा. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. जी संख्या मिळेल तिची पहिली संख्या ही जननी. जिला जननी नाही ती स्वयंभू. तिला देवळाली संख्या असंही म्हणतात. १२३४५६७८९८७६५४३२१ स्वयंभू आहे का? जननीच्या अंकांची बेरीज ब धरू. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यावर बाकी सारखीच असते, आणि आपल्या संख्येला ९ ने पूर्ण भाग जातो, म्हणून बची दुप्पट आणि पर्यायाने ब हा ९ च्या पटीत हवा. सतरा अंकांची बेरीज १५३ च्या वर जात नाही. तेव्हा ९, १८, २७ पासून १५३ पर्यंत सतराच शक्यता, आणि प्रत्येकीत फक्त शेवटचे तीन अंक बदलतात. आधीच्या चौदा अंकांची बेरीज ७५ कायम राहते. प्रत्येक वेळी एकूण बेरीज ८१ किंवा ९० येते. ब = ९० घेतला तर शेवटचे अंक २३१ आणि बेरीज ८१; जुळत नाही. ब = ८१ घेतला तर शेवटचे अंक २४०, बेरीज ७५ + ६ = ८१; जुळलं. म्हणजे १२३४५६७८९८७६५४२४० ही तिची जननी आहे, आणि एकुलती एक आहे. संख्या स्वयंभू नाही.

या आकाराच्या संख्यांचं आकर्षण कापरेकरांच्या बरंच आधीचं आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी लिहिलेल्या गणितसारसंग्रहात १२३४५६५४३२१ या संख्येचं वर्णन एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी असं येतं. हारासारखे दिसणारे गुणाकार तिथे आहेत: २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१, आणि १२३४५६७९ × ९ = १११११११११ सुद्धा. आपली संख्या त्यांच्या त्या संख्येपेक्षा तीन पायऱ्या पुढची. भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या स्थानसंज्ञांनी मोजली तर तिचा पहिला १ ‘मध्य’ या स्थानी येतो. त्यापुढे फक्त परार्ध.

नुसत्या एकांच्या संख्यांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ‘असे सगळेच वर्ग फोडता येतात का’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो. एकांची संख्या संयुक्त असेल तर फोड लगेच मिळते, जशी नवाची तीन-तीनमध्ये मिळाली. एकांची संख्या मूळ असली म्हणजे ती संख्याही मूळ असेल असं मात्र नाही: तीन एक म्हणजे ३ × ३७, पाच एक ४१ × २७१, सात एक २३९ × ४६४९. दोन एक, म्हणजे ११, मूळ आहे. त्यानंतर थेट एकोणीस एकांची आणि मग तेवीस एकांची संख्या मूळ आहे. पुढची ३१७ एकांची आणि त्यानंतरची १०३१ एकांची. अशा मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत हे अजून कुणी सिद्ध करू शकलेलं नाही.

शेवटी पडताळ्याबद्दल, कारण इथे लोक नाहक गोंधळतात. एक्सेलमध्ये १११११११११ चा वर्ग काढलात तर १२३४५६७८९८७६५४३०० दिसेल. एक्सेल पंधरा सार्थ अंकच ठेवतं. जावास्क्रिप्टमध्ये १२३४५६७८९८७६५४३२० मिळेल. तिथे संख्या ६४ बिटांच्या द्विमान फ्लोटिंग-पॉइंट स्वरूपात साठवली जाते आणि त्यात २ च्या ५३ व्या घातापर्यंतचेच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचेच सगळे पूर्णांक नेमके बसतात. त्यापुढे २ च्या ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्या बसतात. आपली संख्या नेमकी या दोहोंच्या मध्ये पडते आणि विषम आहे, म्हणून शेवटचा १ गळतो. मग ३७ ने भागून पाहिलं की भाग जात नाही, आणि माणूस गणितावरच शंका घेतो. पायथॉनमध्ये पूर्णांक हवा तेवढा मोठा ठेवता येतो, तिथे उत्तर अचूक येतं. सी किंवा जावात ६४-बिट पूर्णांक वापरा. त्याची मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आहे, त्यात नऊ एकांचा वर्ग आरामात बसतो आणि दहा एकांचाही बसतो. अकरा एकांचा बसत नाही.